‘शॉर्टसर्किट’ लिहिण्याआधी

आग विझते, धूर निवळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ओळ हमखास येते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला चटईचा कारखाना असो, धुळ्याच्या बाजारपेठेतले कापड दुकान असो की ऐन हंगामात पेटलेली जिनिंग असो, ओळ तीच राहते. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळच्या एका इमारतीतल्या आगीने १७ जणांचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी राख गार होण्याआधीच शॉर्टसर्किटचे नाव पुढे आले. तसे असेलही. विजेमुळे आगी लागतात आणि पुष्कळ लागतात. प्रश्न एवढाच, की हे कोणी आणि काय पाहून ठरवले?

प्राथमिक अंदाजाचे पुढे काय झाले, हे वाचकाला क्वचितच कळते. पंचनाम्यात पहिल्या दिवशी लिहिलेले कारण अनेकदा शेवटपर्यंत टिकते. विम्याचा दावा, पोलिसांचा तपास, नुकसानभरपाई आणि पुढची खबरदारी हे सगळे त्याच एका शब्दावर उभे राहते. तो शब्द चुकला, तर गुन्हेगार सुटू शकतो, निरपराध माणूस अडकू शकतो आणि खरे कारण दुसऱ्या गावात पुन्हा पेट घेऊ शकते.

अपघात वाटला, पण...

१९ मार्च २०२५ रोजी सकाळी पुण्याजवळ हिंजवडीत एका खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. मागचा दरवाजा वेळेत उघडला नाही आणि चार कर्मचारी आतच मृत्युमुखी पडले. सुरुवातीचा अंदाज शॉर्टसर्किटचाच होता. पोलिसांनी सीसीटीव्ही चित्रण पाहिले, चौकशी केली आणि दुसऱ्याच दिवशी चालकानेच गाडी पेटवल्याचे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यानुसार त्याने कंपनीतून बेंझिन आणून गाडीत ठेवले होते आणि चिंध्या पेटवून आग लावली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण तपास पहिल्या अंदाजावरच थांबला असता, तर हा आरोप कधी पुढेच आला नसता.

इथे थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. बेंझिन हा पेट्रोलसारखा चटकन उडून जाणारा द्रव आहे. उणे ११ अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघते, मग मार्चमधल्या सकाळी बंद गाडीत काय होईल, हे सांगायला नको. वायरीची गोष्ट निराळी असते. तिच्यावरचे प्लास्टिक बहुधा आधी तापते, करपल्याचा वास सुटतो, धूर येतो आणि मग ज्वाळा दिसते. द्रवाची वाफ एका क्षणात भडकते. म्हणून ‘आधी वास आला की आधी भडका उडाला?’ हा वाचलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर पुरावा नसते, पण तपास कोणत्या दिशेने न्यायचा ते त्यावरून ठरते.

खोली कशी पेटते

लाकूड, कापूस, प्लास्टिक या वस्तू जळताना दिसतात. प्रत्यक्षात उष्णतेमुळे त्यांतून सुटणारी वाफ हवेत मिसळून जळत असते. बंद खोलीत हा जळका वायू आणि धूर छताखाली साचतो. थर जाड होत होत खाली उतरतो आणि तापत जातो. त्याचे तापमान ५०० ते ६०० अंशांच्या घरात पोहोचले, की तो वरून खालच्या प्रत्येक वस्तूवर उष्णतेचा मारा करतो. गादी, कपडे, दाराचे लाकूड, अगदी जमिनीवरचे अंथरूणही जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. फोमच्या गाद्या आणि सोफे असलेल्या घरात तिथवर पोहोचायला काही मिनिटे पुरतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहत नाही.

फ्लॅशओव्हर झाला, की आगीने आपल्याच खुणा पुसलेल्या असतात. आग भिंतीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा डाग सोडते आणि त्याचे टोक आगीच्या उगमाकडे असते, असे तपासनीस शिकलेले असतात. ते सुरुवातीच्या आगीत खरे असते. फ्लॅशओव्हरनंतर मात्र जिथे दार किंवा खिडकीतून हवा आली, तिथले जळणे सर्वांत तीव्र होते आणि डाग उगमाऐवजी हवेच्या वाटेकडे बोट दाखवू लागतो. अमेरिकेत २००५ मध्ये लास व्हेगासला याची परीक्षा घेतली गेली. दोन खोल्या फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटे जळू दिल्या आणि ५३ तपासनीसांना विचारले, आग खोलीच्या चार भागांपैकी कोणत्या भागात सुरू झाली? पहिल्या खोलीचे बरोबर उत्तर तिघांनी दिले. दुसऱ्या खोलीचेही तिघांनीच दिले. डोळे मिटून बोट ठेवले असते, तरी चौथा हिस्सा बरोबर आला असता.

निरपराध माणूस अडकतो तेव्हा

शॉर्टसर्किट म्हणून घातपात झाकला जाऊ शकतो, तसाच अपघाताचा घातपातही होऊ शकतो. २३ डिसेंबर १९९१ रोजी टेक्सासमधील कॉर्सिकाना गावात एका घराला आग लागून तीन लहान मुली दगावल्या. वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचले. जमिनीवरचे वेडेवाकडे जळके डाग म्हणजे तेथे ज्वालाग्राही द्रव ओतला होता, काचेला जाळीसारखे तडे गेले म्हणजे आग फार वेगाने तापली, असे तपासनीसांनी साक्षीत सांगितले. विलिंगहॅम यांना देहदंड झाला आणि १७ फेब्रुवारी २००४ रोजी तो अमलात आला. आगीच्या शास्त्राचे जाणकार जेराल्ड हर्स्ट यांनी त्याआधीच या निष्कर्षांना आधार नसल्याचा अहवाल दिला होता. पुढे २००९ मध्ये क्रेग बेलर यांनी टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगासाठी केलेल्या परीक्षणातही, आग मुद्दाम लावली असे म्हणायला शास्त्रीय पाया नव्हता, असेच निघाले.

त्या साक्षीतल्या एकेका समजुतीचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. काचेला जाळीदार तडे जातात ते तापलेल्या काचेवर अग्निशामक दलाच्या पाण्याचा फवारा पडून ती झटकन थंड झाल्यामुळे. फरशी किंवा सिमेंटचे पोपडे उडतात ते मुख्यतः आतला ओलावा तापल्यामुळे, केवळ रॉकेल ओतल्यामुळे नव्हे. दाराची ॲल्युमिनियमची पट्टी वितळली म्हणजे पेट्रोल होते, हाही समज फोल ठरला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि लाकडाफर्निचरची साधी आगही तेवढी तापते. जमिनीवरचे वेडेवाकडे डाग फ्लॅशओव्हरनंतर आपोआप पडतात. १९९२ पासून अमेरिकेत आगीच्या तपासाची मार्गदर्शिका प्रसिद्ध होते आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. तिचा गाभा सोपा आहे. शक्य ती सर्व कारणे मांडा, प्रत्येक कारण पुराव्याशी ताडून पाहा आणि एकही टिकले नाही, तर ‘कारण निश्चित करता आले नाही’ असे लिहा. ‘दुसरे काही सापडले नाही, म्हणून हेच असणार’ हा तर्क तिने नाकारला आहे. आपल्याकडचे ‘शॉर्टसर्किट’ पुष्कळदा याच तर्काने लिहिले जाते.

तारेवरचा मणी

वायरींचे तांबे १,०८५ अंशांना वितळते. विजेची ठिणगी पडली, की तारेच्या टोकाला तांब्याचा गोल मणी तयार होतो. जळलेल्या दुकानात असा मणी सापडला, की ‘हेच ते शॉर्टसर्किट’ असे म्हटले जाते. पण आग दुसऱ्या कारणाने लागली आणि वीज चालू असताना वायरीचे प्लास्टिक जळाले, तरी दोन तारा एकमेकींना टेकून असाच मणी तयार होतो. मणी एवढेच सांगतो, की आग तिथे पोहोचली तेव्हा तारेत वीज होती. तो आगीचे कारण आहे की आगीचा परिणाम, हे ठरवायला कोणत्या मंडळात कुठे कुठे मणी सापडले, कोणता एमसीबी पडला होता, फ्यूज मूळ होता की त्याजागी जाड तार बांधली होती, याचा नकाशा काढावा लागतो. मीटर आणि बोर्ड उचलून भंगारात गेल्यावर तो नकाशा पुन्हा काढता येत नाही.

रात्री कुलूपबंद असलेल्या ठिकाणी आग लागली, तर आत कोणी नव्हते म्हणजे वीजच, असे सहज मानले जाते. खान्देशात हा तर्क विशेष फसवा आहे, कारण इथे कापूस आहे. कापसाबरोबर खडा, खिळा किंवा लोखंडाचा तुकडा जिनिंगच्या यंत्रात गेला, तर घर्षणाने ठिणगी पडते. ती कापसाच्या गंजीत वा दाबलेल्या गाठीत शिरली, की ज्वाळा न दिसता आतल्या आत धुमसत राहते. असे धुमसणे तासन् तास चालू शकते आणि हवा मिळाली की भडकते. पाळी सुटताना टाकलेली विडीही हेच करते. आग पहाटे तीनला दिसली, म्हणून ती तीनला लागली असे होत नाही.

खान्देशातल्या तीन तारखा

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पहिल्या बातम्यांत सिलिंडरचा स्फोट झाल्याचे आले. सिलिंडर फुटला, एवढ्याने कारण समजत नाही. आधी आग लागून बंद सिलिंडर तापला आणि आतला दाब वाढून फुटला, की सिलिंडरच सदोष होता आणि त्यातून आग लागली, हा क्रम ठरवल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही. त्यासाठी पत्र्याचे तुकडे किती दूर आणि कोणत्या दिशेला उडाले, त्यांच्या कडा कशा फाटल्या, याची नोंद तुकडे हलवण्याआधी व्हावी लागते.

१८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यात निजामपूरजवळ मेणबत्तीच्या कारखान्यातील आगीत चार महिलांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांचा कारखाना पेटला आणि तिथेही महिला कामगारांचे बळी गेले. मधे आठ महिन्यांपेक्षा कमी काळ होता.

तिसरी तारीख २२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुक्यात परधाडे आणि माहेजी स्थानकांदरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली आणि घाबरून शेजारच्या रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले. किमान १२ जण गेले. डब्यात आग नव्हती. ब्रेक चाकाला धरून राहिला, की घर्षणाने धूर आणि ठिणग्या निघतात, आणि असे काही दिसल्यावरून अफवा पसरली असावी, असे रेल्वेच्या काही अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितले. इथे पुराव्याआधी उच्चारलेल्या ‘आग’ या एका शब्दाने जीव घेतले.

जळीत कक्षातला पुरावा

आगीचा पुरावा राखेत असतो, तसाच तो माणसाच्या शरीरातही असतो. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयांत येणारा भाजलेला रुग्ण हा आधी रुग्ण असतो. त्याची श्वासाची वाट, सलाईन आणि वेदना याला पहिला अग्रक्रम. पण त्याच तासाभरात काही गोष्टी टिपल्या गेल्या नाहीत, तर त्या कायमच्या हरवतात.

आगीत पुष्कळ माणसे भाजण्यापेक्षा धुराने दगावतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट धरतो. रक्तातले त्याचे प्रमाण मोजले, तर माणूस धुरात होता का, हे समजते. मात्र हा पुरावा वेगाने ओसरतो. साध्या हवेत चार-पाच तासांत तो निम्मा होतो आणि तोंडावर शुद्ध ऑक्सिजन लावल्यास साधारण एक ते दीड तासात. धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपड्याच्या डोंगराकडून १०८ रुग्णवाहिकेत ऑक्सिजन घेत आलेल्या रुग्णाचा अहवाल त्यामुळे जवळजवळ सामान्य येऊ शकतो. त्यावरून ‘हा धुरात नव्हताच’ असे म्हणणे चूक ठरते. ऑक्सिजन क्षणभरही थांबवायचा नाही. रक्ताचा पहिला नमुना मात्र पहिल्याच सुईने घ्यायचा आणि त्यावर वेळ लिहायची.

मृतदेहाच्या बाबतीतही गैरसमज असतात. जळालेल्या मृतदेहाचे हात कोपरात वाकून मुठी वळलेल्या दिसतात आणि नातेवाइकांना वाटते, शेवटी झटापट झाली. ही अवस्था उष्णतेने स्नायू आखडल्यामुळे येते. मृत्यूनंतर जाळलेल्या देहातही ती दिसते. कवटीला उष्णतेनेही तडे जातात. त्यावरून डोक्यात घाव घातला असे ठरत नाही. श्वासनलिकेत खोलवर काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता, हे मात्र भरवशाने सांगता येते.

सर्वांत अवघड प्रकरण असते ते घरात भाजलेल्या सुनेचे. पूर्वीच्या कागदपत्रांत ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द जितक्या सहज लिहिले जात, तितक्याच सहज आता ‘गॅसचा भडका’ लिहिले जाते. उभ्याने स्वयंपाक करताना पदर पेटला, तर ज्वाळा खालून वर जातात आणि पोट, छाती, हनुवटी जास्त भाजते. डोक्यावरून द्रव ओतला गेला असेल, तर केस, खांदे आणि द्रव ओघळला त्या वाटा भाजतात. गॅसची गळती असेल, तर गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि स्वयंपाकघरात इतरत्रही त्याच्या खुणा राहतात. यांपैकी एकही खूण एकटी निकाल देत नाही. पण भाजलेल्या भागांची आकृती काढणे, कपडे न फेकता जपून ठेवणे आणि रॉकेलचा वास आला की नाही हे त्याच वेळी लिहिणे, एवढे केले तर पुढे न्यायाधीशांसमोर मृत्युपूर्व जबानीबरोबर ताडून पाहायला काहीतरी असते. नाहीतर सासरचे एक सांगतात, माहेरचे दुसरे, आणि मधे फक्त एक शब्द उरतो.

पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण होणे अपेक्षित आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. घर जाळणे, आगीने माणूस मारणे हे गुन्हे यात बसतात. अडचण अशी, की तज्ज्ञाला बोलवायचे तर आधी गुन्ह्याचा संशय यावा लागतो, आणि ‘शॉर्टसर्किट’ लिहिले, की संशयच उरत नाही. माणूस दगावलेल्या प्रत्येक आगीत कारण कोरे ठेवून तज्ज्ञ बोलावला, तरच हे कलम कागदाबाहेर येईल.

नमुने घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. पेट्रोल वा रॉकेलचा संशय असेल, तर राख, चिंध्या, माती कोऱ्या पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून न्यायची असते. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून ही वाफ निसटते. संशय नसलेल्या कोपऱ्यातलाही एक नमुना सोबत लागतो, कारण जळालेल्या प्लास्टिकमधून आणि गालिच्यातूनही पेट्रोलियमसारखी रसायने निघतात. प्लास्टिकच्या चटयांनी भरलेल्या कारखान्यात हा तुलनेचा नमुना नसेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालातून फारसे काही सिद्ध होत नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतले यंत्र कितीही चांगले असो, डब्यात आले तेवढेच ते वाचू शकते.

आग लागण्याआधीचीही एक नोंद असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने वा वापर करणाऱ्याने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. आगीनंतर तपासाच्या कागदांत शेवटचे प्रमाणपत्र जोडले, तर वायर जुनी होती की कुणी पाहिलीच नव्हती, याचे उत्तर मिळते. ‘शॉर्टसर्किट’ म्हटले, की जबाबदारी विजेवर जाते. जाड तार बांधलेला फ्यूज, एकाच प्लगवर लावलेली चार यंत्रे, कुलूप लावलेले मागचे दार यांची जबाबदारी मात्र माणसांचीच असते.

जेसीबी येऊन मलबा उचलण्याआधी एक दिवस जागा जशीच्या तशी ठेवणे, सगळ्या कोनांतून छायाचित्रे घेणे, मीटर आणि बोर्ड सील करणे, रुग्णालयात रक्त आणि कपडे जपणे, हे सगळे तालुक्याच्या गावातही जमण्यासारखे आहे. निजामपूरच्या आगीचा असा पुराव्यानिशी अहवाल राज्यातल्या अशा प्रत्येक मेणबत्तीच्या कारखान्यापर्यंत पोहोचला असता, तर तळवड्यात काय झाले असते, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण पुढच्या आगीनंतर बातमीत ‘प्राथमिक अंदाज’ वाचला, की महिनाभराने ‘अंतिम काय निघाले?’ एवढे विचारणे प्रत्येक वाचकाच्या हाती आहे. मालक, विमा कंपनी, पोलीस आणि रुग्णालय यांना कोणी विचारणारे आहे हे समजले, तर पंचनाम्यातली ती ओळ इतक्या घाईने लिहिली जाणार नाही.